आईनं डोंग्यात पाय ठेवला

त्या वर्षी आमच्या घरात माशाचा वास येणं बंद झालं. एरवी परदेशातल्या आमच्या फ्लॅट बुश या उपनगरातल्या त्या नव्याकोऱ्या, एकसारख्या घरांच्या ओळीत आमचं घर ओळखायला रविवारी सकाळी नाक पुरेसं होतं. आई हॉस्पिटलातली शनिवारची रात्रपाळी करून यायची, गॅरेजचं दार घरघरत वर जायचं, आणि अंगावरचा युनिफॉर्मही न बदलता ती कांदा आणि सुकं खोबरं थेट गॅसवर धरायची. मग स्मोक अलार्म बोंबलायचा. बाबा खुर्चीवर चढून त्याच्याखाली टॉवेल हलवायचे आणि मी वरच्या खोलीतून "मॉम, सीरियसली?" म्हणून ओरडायचे. बाबा पुण्याचे, पेशानं फार्मसिस्ट. मासा त्यांना आवडायचा, पण काटा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. जेवायला बसलं की आधी आई त्यांच्या ताटातला तुकडा उलगडायची, बोटांनी चाचपून एकेक काटा बाजूला काढायची, आणि मगच स्वतःचं ताट वाढून घ्यायची. "एवढा शिकलेला माणूस," ती म्हणायची, "आणि याला मासा गोळीसारखा गिळायला पाहिजे." बाबा मान खाली घालून जेवायचे. मला वाटतं, त्यांना ते बोलणं आवडायचं.

मग नाना गेले. नाना म्हणजे आईचे वडील. भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, तलावाच्या पाळीला लागून त्यांचं घर होतं. आईचं माहेर ढिवरांचं, तलावावर जगणाऱ्या माणसांचं. मासे धरायचे, शिंगाडे लावायचे, जाळी विणायची. नानांना मुलगा नव्हता, आई एकटीच. तिला त्यांनी नागपूरला नर्सिंगला धाडलं, आणि ती शिकली ती सगळी नानांच्या जाळ्यावर. पण एक गोष्ट त्यांनी तिला जन्मात करू दिली नाही. डोंग्यात, म्हणजे त्यांच्या त्या कोरलेल्या लांबट होडीत, तिला कधी बसू दिलं नाही. पोरीनं डोंग्यात पाय ठेवला की मासा तळाला जातो, असं तिकडे सगळेच मानायचे. लहानपणी आई पाळीवर बसून त्यांची वाट बघायची आणि डोंगा काठाला लागला की मासे उतरवून घ्यायची. तिचं काम तिथून सुरू व्हायचं.

नाना गेले तेव्हा साथीमुळे इथल्या सीमा बंद होत्या. देशाबाहेर जाता येत होतं, पण परत येता येईल याची खात्री नव्हती, आणि हॉस्पिटलातून तर कुणालाच सोडत नव्हते. आईनं आपल्या वडिलांना फोनच्या पडद्यावर पाहिलं. चुलत मामानं, रमेशमामानं, फोन धरला होता. त्याचा हात हलत होता आणि मध्येच चित्र थिजायचं. आई हॉलमध्ये उभी राहून बघत होती. अंत्यविधी संपल्यावर तिनं फोन चार्जिंगला लावला, डबा भरला आणि ती ड्यूटीला गेली. ती रडली नाही. त्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, पुढे महिनोन् महिने नाही. फक्त मासा आणणं बंद झालं. रविवारी आम्ही बटाट्याची भाजी खायचो आणि स्मोक अलार्म गप्प असायचा. ती शांतता मला अजून आठवते. मी सोळा वर्षांची होते आणि तो अलार्म वाजावा म्हणून मुद्दाम टोस्ट जाळायचे.

आज हे मी मराठीत लिहिते आहे याचं माझं मलाच हसू येतं. तेव्हा आईबाबा मराठीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तरं द्यायचे. आमच्या सगळ्या भांडणांना दोन भाषा लागायच्या. लिहायला मी फार उशिरा शिकले, केस पांढरे झाल्यावर. त्यामुळे त्या दिवसांतलं माझं बोलणं इथे मराठीत आलं असेल तर ते या म्हातारीनं मागाहून भाषांतर करून दिलंय असं समजावं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा रमेशमामाचा फोन आला. नानांच्या घरची एक रीत होती. गेलेल्या माणसाच्या वर्षाच्या पानावर तलावाचा मासा वाढायचा, आणि तो घरच्या माणसानं स्वतः धरलेला असला पाहिजे. विकत घेतलेला चालत नाही, कुणी दिलेला चालत नाही. मामा म्हणाला, "ताई, तू कायले टेन्शन घेते? पान आम्ही इथं वाढून देतो. मासा मी धरतो. तसंही पोरीच्या हातचं पानावर कसं चालंन जी? तू तिकडून हात जोड, म्हणजे झालं." फोन स्पीकरवर होता. आई पोळी लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं नाही, पण पोळी इतकी पातळ झाली की ओट्याला चिकटली.

"मी धरणार," ती म्हणाली.

"काय धरणार?" बाबांनी विचारलं.

"मासा."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन माउंट वेलिंग्टनच्या मॉलजवळच्या मासळीवाल्याकडे गेली. विकत घ्यायला नाही, या देशात गोड्या पाण्यात कोणता मासा असतो ते विचारायला. तो पोरगा म्हणाला, ट्राउट. मग लगेच म्हणाला, पण तो आमच्याकडे मिळणार नाही, कुठेच मिळणार नाही, ट्राउट विकायला आणि विकत घ्यायला कायद्यानं बंदी आहे. खायचा असेल तर स्वतः धरायचा, नाहीतर धरणाऱ्याशी मैत्री करायची. आईचा चेहरा मी त्या वर्षात पहिल्यांदा उजळलेला पाहिला. गाडीत बसताना ती म्हणाली, "बघ, इथं तर सरकारच नानांच्या रीतीनं चालतं." मी कानात इअरफोन घातले होते, तरी मला ते ऐकू आलं.

अशा रीतीनं आम्ही टाउपोच्या मोठ्या सरोवराकडे निघालो. बाबांनी कामावरच्या एका मित्राकडून पत्र्याची छोटी होडी, तिची मोटर, गळ आणि मासे दाखवणारा एक पडदा असं सगळं मागून आणलं. परवाने त्यांनी फोनवर काढले आणि नियम वाटेत वाचू म्हणाले. शुक्रवारी संध्याकाळभर आई स्वयंपाकघरात तलावाचं जेवण करत होती. नाना गळ टाकायच्या आधी तलावाला खाऊ घालायचे: भाजलेला कोंडा, पेंड, बेसन आणि हिंग यांचे मळलेले गोळे. गोळे टाकायचे, गप्प बसायचं, आणि जिथं बारीक बुडबुडे वर येतील तिथं मासा आहे असं समजायचं. पण नुसतं समजण्यासाठी नाही. आधी द्यायचं, मग मागायचं, असं नाना म्हणायचे. आईनं कोंडा मिळेना म्हणून तांदळाचं पीठ भाजलं आणि हिंगाची आख्खी डबी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी ती बादली गाडीत माझ्या पायांशी होती. वाटेतलं हॅमिल्टन शहर मागे पडेपर्यंत आम्ही तिघांनी खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या आणि बाबा नियम वाचायचे विसरले होते.

सरोवर दिसलं तेव्हा आई बघतच राहिली. तिच्या मनातला तलाव म्हणजे अलीकडच्या पाळीवरून हाक मारली की पलीकडच्या पाळीवर ऐकू जाणारा. इथे पलीकडचा काठच नव्हता. लांबवर डोंगर होते, त्यांच्यावर उन्हाळ्यातही बर्फाची एक फिकट रेघ, आणि मधे निळं पाणी, वाऱ्यावर लाटा उठणारं. "हा तलाव आहे?" तिनं विचारलं. बाबांनी फोनवर बघून सांगितलं की हो, गोडं पाणी आहे. आईनं काठावर जाऊन ओंजळभर पाणी घेतलं, चाखलं आणि मान हलवली. बाबांनी होडी पाण्यात लोटली. लाइफजॅकेट घालून आई बराच वेळ काठावर उभी राहिली. मला वाटलं, पाण्याला घाबरते. मग तिनं जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, काढल्या, हातात घेतल्या आणि उजवा पाय होडीत ठेवला.

तिनं आम्हाला नेलं ते नानांनी नेलं असतं तिथं: उथळ खाडीत, लव्हाळ्याच्या कडेला, जिथं पाणी कोमट होतं आणि तळ दिसत होता. बाबांच्या पडद्यावर माशांची चित्रं येत होती आणि ते प्रत्येक चित्राला "आला, आला!" म्हणत होते. आईनं बादलीतले गोळे टाकायला सुरुवात केली, मनातल्या मनात काहीतरी म्हणत, एक इथे, एक तिथे. बदकं जमली. बुडबुडे काही आले नाहीत. आला तो एक माणूस, दुसऱ्या होडीतून, सरकारी जॅकेट घातलेला. "किया ओरा," असा इथला नमस्कार करून त्यानं नाक वर केलं. हिंगाचा वास पाण्यावरून त्याच्यापर्यंत पोचला होता. त्यानं परवाने पाहिले, बादली पाहिली, आणि सावकाश, लहान मुलांना सांगावं तसं सांगितलं, की या सरोवरात कुठलंही खाणं टाकून मासा बोलवायला सक्त मनाई आहे, गळाला खाणं लावायलासुद्धा. इथे फक्त खोटं आमिष चालतं, पिसांचं, धातूचं. यावेळी समज देऊन सोडतो. उरलेलं काठावर नेऊन कचऱ्यात टाका.

आई त्या माणसाला "सॉरी" म्हणाली, पुन्हा "सॉरी" म्हणाली. वॉर्डात औषधाचा एक थेंब इकडचा तिकडे होऊ न देणारी बाई ती. लाल झालेल्या तोंडानं तिनं बादली काठावर नेली आणि कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली. नियम न वाचल्याबद्दल ती बाबांना काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. ती बोलली नाही, त्यानं बाबा जास्तच घाबरले. परत होडीत बसल्यावर ती फक्त एवढंच म्हणाली, "न देता मागायचं म्हणजे काय रीत झाली?"

दिवसभर आम्ही मागत राहिलो. धातूचा चमकता तुकडा होडीमागे ओढत त्या खाडीतून या खाडीत गेलो. बाबांच्या नाकाची साल निघाली. दुपारी मला इतका कंटाळा आला की टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून मी होडीतून सरळ पाण्यात उडी मारली. पाणी वर छान कोमट होतं. खोल सूर मारला तेव्हा मात्र एकदम बर्फासारखं गार लागलं आणि मी ओरडत वर आले. "मासे पळवशील," बाबा म्हणाले. "कुठले मासे?" मी म्हणाले. आई हसली नाही.

रात्री उतरायला आम्ही काठावरच्या कॅम्पात एक केबिन घेतली होती. शेजारच्या कॅराव्हॅनमध्ये ब्रूस नावाचा म्हातारा होता, एकटा, उघडाबंब, गुडघ्यापर्यंत चड्डी. संध्याकाळी आम्ही रिकाम्या हातानं आलेलो बघून त्यानं स्वतःहून एक मासा आणून दिला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, चांगला हातभर लांब. "माझ्याकडे हीप्स आहेत, ढिगानं. घ्या," म्हणाला. बाबांनी दोन्ही हात पुढे केले. आई म्हणाली, "नो, थँक यू."

तो गेल्यावर बाबा भडकले. ते क्वचित भडकायचे, आणि भडकले की त्यांचं पुणेरी मराठी अगदी शुद्ध व्हायचं. "विकत घेतलेला नाही. मैत्रीतला आहे. इथल्या कायद्यालाही मान्य आहे. उद्या दुपारच्या आत पान वाढायचंय आणि परवा आपल्या दोघांना कामावर जायचंय. कुणाला कळणार आहे?"

"मला," आई म्हणाली आणि खिचडीला फोडणी दिली.

खिचडी आम्ही पायरीवर बसून खाल्ली. ऊन अजून होतं. इकडे उन्हाळ्यात सूर्य लवकर जातच नाही. ब्रूस पलीकडे मासा साफ करत होता आणि पाणबगळ्यांना शिव्या देत होता. आईनं ताट खाली ठेवलं आणि बाबांकडे न बघता, जणू त्या पाण्यालाच सांगत होती तशी म्हणाली, "तिकडचं म्हणणं खरंच असंल. मी डोंग्यात पाय ठेवला. मासा तळाला गेला." तिच्या तोंडून ते ऐकून मला इतका राग आला की मी घास गिळायला विसरले. ज्या बाईनं रात्रीच्या रात्री मरणाऱ्या माणसांचे हात धरले होते, ती बाई आपला पाय वाईट आहे असं मानत होती, आणि जन्मभर मानत असावी. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तळाला गेला असेल तर आपण तळाला जाऊ," मी म्हणाले. मराठीत. का कुणास ठाऊक, आईबाबांशी कित्येक महिन्यांनी मी एक आख्खं वाक्य मराठीत बोलले. आई माझ्याकडे बघत राहिली. मी मग इंग्रजीत घाईघाईनं सांगितलं, की दुपारी मी पाण्यात गेले तेव्हा वर गरम होतं आणि खाली एकदम गार. शाळेत शिकवलंय आम्हाला, उन्हाळ्यात मोठ्या सरोवरात पाण्याचे थर पडतात. हा मासा गार पाण्यातला आहे. तो आपल्या नानांच्या माशासारखा कोमट चिखलात कशाला राहील? बाबा म्हणाले, "पण गार पाणी नक्की किती खोल, ते कसं कळणार?" त्यांनी पडदा दाखवला, त्यावर खोली दिसायची, मासे दिसायचे, पण पाणी कुठे गार होतं ते दिसत नव्हतं.

आई उठली. तिच्यातली नर्स उठली असं म्हणायला हवं. "ताप बघायचा," ती म्हणाली.

सकाळी तिनं दोरी मागितली. मी दोरीला बांधायला काठावरचा मोठासा दगड आणला, पाण्यात सोडला, आणि तो चक्क तरंगला. इथल्या काठावर सगळे ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड. ब्रूस इतका हसला की त्याला खोकला आला. मग आईनं मसाल्याच्या पिशवीतून खलबत्त्याचा बत्ता काढला. पितळी, जड, नानांनीच लग्नात दिलेला. तो दोरीला बांधला आणि दोरी दोन्ही हात फैलावून वावांनी मोजत गुंडाळली, जशी नाना जाळ्याची दोरी मोजायचे तशी. काय करतोय ते ऐकून ब्रूसनं आपल्या डब्यातून पिसांचे, जड टोकाचे काही गळ दिले. हे ओढायचे नसतात, सरळ खाली सोडायचे आणि हलकेच उडवायचे. "उन्हाळ्यात मासे खाली जातातच, लव्ह. पण किती खाली, ते दर आठवड्याला बदलतं. गळ परत आणून द्या," तो म्हणाला.

होडीत बसताना या वेळी आई थांबली नाही. उथळ पाणी जिथे एकदम खोल निळं होतं त्या कडेवर आम्ही गेलो. बाबांनी मोटर बंद केली. आईनं बत्ता सोडला, थोडा वेळ तिथंच खाली ठेवला, भराभर ओढून वर काढला आणि उलटा हात त्यावर ठेवला, माझ्या कपाळावर ठेवायची तसाच. "कोमट." आणखी खोल. "कोमट." आम्ही पुढे सरकलो. पुन्हा सोडला, पुन्हा ओढला. तिचे तळवे दोरीनं लाल झाले. बाबा म्हणाले मी ओढतो, तर तिनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते पडद्याकडे वळले. ऊन चढत होतं. नानांच्या घरी ऊन डोक्यावर यायच्या आत पान वाढायचे, आणि अजून होडी परत नेऊन स्वयंपाक करायचा होता. मग एकदा, दहा वाव सोडून बत्ता वर आला आणि तिनं हात ठेवताच काढून घेतला. तिनं तो माझ्या गालाला लावला. मी किंचाळले. पितळ इतकं थंड होतं की फ्रीजमधून काढल्यासारखं. "इथं आहे," आई म्हणाली. त्या आवाजात शंका नव्हती. दहा वावांची खूण तिनं गळाच्या दोरीलाही केली आणि आम्ही दोघींनी आपापले गळ खाली सोडले.

वाट बघण्याचं फारसं काही सांगण्यासारखं नसतं. लाटा पत्र्यावर टपटप वाजत होत्या. बाबा कुजबुजत होते. आणि मग आईच्या गळाची काठी वाकली, थेट पाण्यापर्यंत. ती ओरडली नाही. ओठ घट्ट मिटून, पाय होडीच्या दोन कडांना रोवून ती ओढत राहिली. मासा दोरी घेऊन पळायचा, ती घेऊ द्यायची, मग परत ओढायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मासा वर आला तेव्हा मी जाळी खाली धरली आणि तो आत येताना पाण्यानं माझं तोंड भरलं. रुपेरी, अंगावर काळे ठिपके, कुशीवर गुलाबी पट्टा. नानांच्या कुठल्याच माशासारखा नव्हता. बाबा उभे राहून नाचायला लागले, त्यांना खाली बसवावं लागलं. "झालं! झालं! चला परत!"

आईनं हात ओले केले, गळ सोडवला. मासा दोन्ही हातांत धरून ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होती. मग ती वाकली आणि तिनं तो परत पाण्यात सोडला.

एक शेपटी हलली आणि तो गेला. बाबा ओरडले, "अगं, वेडी झालीस का?"

"काल दिलेलं आपल्याला कचऱ्यात टाकावं लागलं," आई म्हणाली. "तलावाला काही दिलं नव्हतं. आता दिलं." तिनं गळ पुन्हा हातात घेतला. "आता मागते."

मी आयुष्यात पुष्कळ हट्टी माणसं पाहिली, काहींशी भांडले, एकाशी लग्न केलं. पण त्या क्षणी माझ्या आईच्या चेहऱ्यावर जो हट्ट होता तसा पुन्हा पाहिला नाही. ऊन वर येत होतं, आमच्याकडे मासा नव्हता, आणि ती शांत होती. बाबा दोन्ही हातांत डोकं धरून बसले. मी मात्र बसले नाही. मला माहीत होतं की आज तिला रिकाम्या हातानं काठावर उतरवायचं नाही, काही झालं तरी नाही. मी गळ सोडत होते, उडवत होते, वर घेत होते, परत खुणेवर नेत होते. बोटं सुजली. होडी वाऱ्यानं सरकली की आई बत्ता टाकून ताप बघायची आणि बाबा, गुपचूप आता, होडी जागेवर आणायचे. आणि अखेर माझ्या हातात काहीतरी थरथरलं, जिवंत, दोरीच्या त्या टोकापासून थेट माझ्या खांद्यापर्यंत.

"आई, घे! तू घे!" मी काठी तिच्याकडे ढकलली.

तिनं हात मागे घेतले. "तूच ओढ. तू काय परक्या घरची आहेस?"

हा मासा लहान होता, पण नियमाच्या मापात बसणारा. या वेळी बाबांनी नियम वाचले होते आणि मोजपट्टीनं पुनःपुन्हा मोजलं. परत येताना आई पुढच्या टोकाला बसली होती, अनवाणी, दोन्ही पाय होडीच्या पत्र्यावर सपाट टेकून. केबिनच्या छोट्या चुलीवर तिनं कांदा-खोबरं काळं केलं. कॅम्पातला अलार्म वाजला आणि बाबा सवयीनं टॉवेल घेऊन खुर्चीवर चढले. आईला हसू आलं. केळीचं पान तिनं पुकेकोहे गावच्या एका गुजराती मावशींच्या परसातून मागून आणलेलं होतं. त्यावर भात, रस्सा, माशाचा डोक्याकडचा तुकडा. नानांचा फोटो फोनवर लावून पानासमोर टेकवला. कावळा या देशात कुठून आणणार? एक निळा, लाल चोचीचा पुकेको पक्षी लांब तंगड्या टाकत आला, पानाभोवती फिरला आणि त्यानं भात उचलला. आईनं हात जोडले. ऊन अजून डोक्यावर आलं नव्हतं.

जेवायला बसलो आणि रमेशमामाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे अजून पहाट होती, त्यांचं पान वाढायचं होतं. त्यानं आमचं पान पाहिलं, मासा पाहिला, चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला. "अरे वा! लय मोठं काम केलं. कोणी धरला जी? भाऊजीनं?"

"नाही," आई म्हणाली. "पोरींनी धरला. डोंग्यात बसून."

मामानं चेहरा फोनपासून मागे घेतला. मग तो हळूच म्हणाला, "बरं, ताई," आणि त्यानं तिकडून हात जोडले.

आईनं फोन पालथा ठेवला. ताट पुढे घेतलं, पहिला घास केला, तोंडात घातला. आणि तो घास तोंडात असतानाच ती रडायला लागली. लहान मुलासारखी, मोठ्यानं, नानांना हाका मारत. वर्षभर साठवलेलं ते रडणं ऐकून ब्रूस कॅराव्हॅनमधून बाहेर आला आणि टोपी काढून तिथंच उभा राहिला. मी आईला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मीही रडत होते.

बाबांनी तिचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, आणि बोटांनी चाचपून चाचपून तिच्या माशातले काटे काढायला बसले.